मेरिक आणि चिलखताची कडी

रविवार, रात्री

सॅम्युअल रश मेरिक आज दिवसभर डोक्यातून हलत नाहीये. पेशाने वकील. वडिलांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं म्हणून त्यांनी इस्टेट याला डावलून नातवंडांच्या नावे केली. याला वेड चिलखतांचं. १८२४ साली त्याने त्यावर तीन खंडांचा ग्रंथ काढला.

टॉवर ऑफ लंडनमध्ये लाकडी घोड्यांवर इंग्लंडच्या राजांचे पुतळे ओळीने बसवलेले होते. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाच्या अंगावर नखशिखान्त पोलादी पत्र्याचं चिलखत! तसलं चिलखत घडायला पुढे तीनेकशे वर्षं जायची होती. लोक तेच खरं समजून जायचे. मेरिकने ती सगळी रांग काळ तपासून नव्याने लावली. आपल्याकडे मिरवणुकीतल्या मावळ्याच्या हाती कुठल्याही काळाची तलवार देतात, तेव्हा असा माणूस हवा होता असं फार वाटतं.

त्याचं सगळंच टिकलं नाही. जुन्या हस्तलिखितांतल्या चित्रांत चिलखत कुठे जाळीसारखं, कुठे पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं. त्याने त्यांचे वेगवेगळे प्रकार मानले, प्रत्येकाला नाव दिलं. पुढच्या अभ्यासकांच्या मते बहुतेक ठिकाणी ते साधं कड्यांचंच चिलखत, चित्रकारांनी आपापल्या रीतीने काढलेलं. मला हे पटतं. कड्यांचं जुनं चिलखत जवळून पाहावं: प्रत्येक कडी चार कड्यांत अडकवलेली, तिची टोकं ठोकून चपटी केलेली, एकावर एक ठेवून इवल्याशा रिव्हेटने, म्हणजे ठोकून बसवलेल्या खिळ्याने जोडलेली. अशा हजारो. हे हुबेहूब चितारायचं तर कुणाच्याही नाकी नऊ येतील.

जमवलेल्या चिलखतांच्या संग्रहासाठी त्याने इंग्लंडातल्या हेरफर्डशायरमध्ये गुडरिच कोर्ट नावाचं मोठं घर बांधलं. आणि व्हिक्टोरिया गादीवर आली त्याच १८३७ साली, बापाबरोबर संग्रह करणारा एकुलता एक मुलगा लेवेलिन गेला. पुण्याच्या काका केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभं केलं, ते आठवल्याशिवाय राहिलं नाही.

मेरिक १८४८ मध्ये वारला. पुढे वारसदाराने सगळा संग्रह सरकारला ५०,००० पौंडांना देऊ केला. सरकारने घेतला नाही. काही वस्तू रिचर्ड वॉलेस या संग्राहकाने घेतल्या, त्या लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात आजही पाहायला मिळतात. बाकीचा संग्रह विखुरला. गुडरिच कोर्टही विसाव्या शतकाच्या मध्यावर पाडून टाकलं. या नकाराचा मला अजूनही संताप येतो.