विलिस काय म्हणत होता?

‘डिफरंट स्ट्रोक्स’ ही जुनी अमेरिकन विनोदी मालिका ज्यांनी पाहिलीय त्यांना बाकी काही आठवो न आठवो, एक वाक्य नक्की आठवतं. छोटा आर्नोल्ड ओठ पुढे काढतो, डोळे बारीक करतो आणि मोठ्या भावाला विचारतो, ‘व्हॉचू टॉकिंग अबाउट, विलिस?’ म्हणजे ‘काय बोलतोयस तू, विलिस?’ प्रेक्षक हसतात, टाळ्या पडतात. अमेरिकेत आजही लोक एकमेकांना गमतीत हे वाक्य ऐकवतात. गेल्या हिवाळ्यात मी ही मालिका पहिल्यापासून पुन्हा पाहायला घेतली आणि माझं सगळं लक्ष दुसरीकडेच गेलं. हा प्रश्न ज्याला विचारला जातो तो विलिस त्याआधी काय बोललेला असतो?

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फिलिप ड्रमंड हा न्यूयॉर्कच्या पार्क अॅव्हेन्यूवर राहणारा गडगंज श्रीमंत, गोरा विधुर. त्याला किम्बर्ली नावाची मुलगी. त्याच्या घरी काम करणारी लूसी जॅक्सन ही हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीतली बाई मरताना आपली दोन मुलं त्याच्या हवाली करते. थोरला विलिस आणि 8 वर्षांचा आर्नोल्ड. ड्रमंड त्यांना घरी आणतो, पुढे रीतसर दत्तक घेतो. 3 नोव्हेंबर 1978 ला एनबीसी या वाहिनीवर पहिला भाग लागला. शेवटचं वर्ष एबीसी या दुसऱ्या वाहिनीवर काढून 1986 मध्ये मालिका संपली. आठ सीझन, 189 भाग. शीर्षकगीतातच ती काळी लांबलचक गाडी हार्लेमच्या बास्केटबॉल कोर्टाशी येते आणि पोरांना घेऊन जाते.

आम्ही 1981 मध्ये दादरहून न्यू जर्सीला आलो. बाबा दोन वर्षं आधीच आले होते. मी आठवीत, धाकटा भाऊ दुसरीत. त्याला इथलं सगळं आल्याआल्या आवडलं. बर्फ आवडला, पिवळी स्कूलबस आवडली, रंगीत टीव्ही तर फारच आवडला. मला काहीच आवडत नव्हतं. दादरला माझी शाळा होती, मैत्रिणी होत्या, आजी होती. इथे मोठं घर होतं आणि घरात सगळ्यांची अपेक्षा अशी की मी खूश असावं. शनिवारी संध्याकाळी नवे भाग लागायचे, जुने दुपारी लागायचे. आम्ही दोघं सतरंजीवर बसून बघायचो. भाऊ आर्नोल्डवर जीव टाकायचा, त्याची नक्कल करायचा. मी विलिसकडे बघत बसायचे. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

आता पहिला भाग पुन्हा बघितल्यावर सांगता येतं. त्या भागात आर्नोल्ड एवढ्या मोठ्या घरात आल्यावर हरखून गेलेला असतो. विलिसला मात्र परत हार्लेमला जायचं असतं. तो उर्मट नाही, वाईट वागत नाही. नुकतीच आई गेलेला मुलगा आहे तो. आपण कुणाच्या तरी मेहेरबानीवर राहायचं, हे त्याला घशाखाली उतरत नाही. आपण कोण, कुठले, आपली वस्ती कुठली हे त्याला पक्कं माहीत आहे. इथे राहिलो तर धाकटा हे सगळं विसरेल, ही धास्तीही आहे. ड्रमंड भला माणूस आहे, प्रश्न त्याचा नाहीच. भला माणूस समोर असताना ‘मला इथे नको’ म्हणायचं तर कसं म्हणायचं? ती घुसमट विलिसचं काम करणाऱ्या टॉड ब्रिजेसनं सगळी खांद्यांतून आणि मानेतून दाखवलीय. तो खोलीत आला की आधी दाराशी उभा राहतो. आर्नोल्ड तोवर सोफ्यावर पोचलेला असतो.

एवढ्या प्रशस्त घरात दोघं भाऊ एकाच खोलीत राहतात, आणि मालिकेतले सगळ्यात खरे प्रसंग मला त्या खोलीतले वाटतात. दिवाणखान्यात तिघे-चौघे विनोद करत असतात. रात्री खोलीत दोघंच. कडेला अब्राहम नावाचा सोनेरी मासा. तिथे विलिस एकदम मोठा होतो. आर्नोल्डला रागावतो, समजावतो, आई असती तर काय म्हणाली असती ते सांगतो. ‘काय बोलतोयस तू?’ हा प्रश्न बहुतेक वेळा अशाच कुठल्यातरी बोलण्यानंतर येतो. थोरला काहीतरी अवघड सांगू बघतो, धाकट्याला ते कळत नाही किंवा कळून घ्यायचं नसतं, आणि प्रेक्षक धाकट्याच्या बाजूनं हसतात. मोठं भावंड असलेल्या कुणीही हा अनुभव घेतलेला असणार.

मालिकेच्या सुरुवातीला एक समाजसेविका घरी येते. काळी मुलं काळ्या घरातच वाढावीत, असं तिचं मत. लहानपणी ती मला खलनायिका वाटली होती. आता तसं वाटत नाही. 1972 मध्ये अमेरिकेतल्या काळ्या समाजसेवकांच्या राष्ट्रीय संघटनेनं, काळ्या मुलांना गोऱ्या घरांत दत्तक देण्याला जाहीर विरोध केला होता. मुलाला गोऱ्या आईबापांकडून प्रेम मिळेल, पण बाहेरचं जग त्याला काळा म्हणूनच वागवणार, आणि त्या जगाला तोंड कसं द्यायचं हे त्याला कोण शिकवणार, असा त्यामागचा विचार. मालिका हा प्रश्न उचलते आणि एकमेकांवर प्रेम आहे ना, मग झालं, असं म्हणून मिटवून टाकते. अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकेकडून जास्त काय मागायचं, असं म्हणता येईल. मला मात्र तो प्रश्न अर्धवट सुटल्यासारखा वाटला. कारण पुढच्या भागांत तोच पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. ड्रमंडच्या आईला ही पोरं नातवंडं म्हणून नको असतात. किम्बर्लीचा एक मित्र सगळ्यांशी गोड वागतो, आणि विलिसनं त्याच्या बहिणीबरोबर बाहेर जायचं म्हटल्यावर मागे सरतो. हा भाग जरूर बघा. बरोबर बसून जेवणारा माणूस नेमका कुठे थांबतो, ते यात फार अचूक पकडलंय.

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं. आई आमच्याबरोबर बसून बघायची. इंग्रजी तिला तेव्हा बेताचंच यायचं, त्यामुळे ती बोलणं सोडून माणसं बघायची. एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, ‘त्या पोरांची आई या घरात कामाला होती ना? मग ती होती तेव्हा ही पोरं कधी या टेबलावर जेवायला बसली होती का गं?’

मला उत्तर देता आलं नाही. आताही येत नाही. दादरला आमच्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या बाईंची मुलगी कधीकधी बरोबर यायची आणि ओट्याशेजारी जमिनीवर बसून अभ्यास करायची. आईच्या डोळ्यांसमोर ती असणार. मालिका सुरू होण्याआधीच लूसी जॅक्सन मेलेली असते. तिनं वर्षानुवर्षं ते घर सांभाळलं, किम्बर्लीला वाढताना पाहिलं असेल, आणि तिची स्वतःची मुलं तेव्हा हार्लेममध्ये कुणाकडे असायची? तिच्या जागी गोऱ्या मिसेस गॅरेट येतात. शार्लट रे यांनी ती बाई इतकी लोभस केली की 1979 मध्ये ‘द फॅक्ट्स ऑफ लाइफ’ ही स्वतंत्र मालिकाच तिच्यावर निघाली आणि नऊ वर्षं चालली. मिसेस गॅरेट मलाही प्रिय आहेत. तरी त्याच स्वयंपाकघरात आधी उभी असलेली बाई मनातून जात नाही. 1983 मध्ये एबीसीवर ‘वेबस्टर’ आली, तिच्यातही काळ्या मुलाचे आईवडील मेल्यावरच गोऱ्या घराची गोष्ट सुरू होते. दोन्ही मालिकांना काळा मुलगा हवा होता. त्याचे आईवडील मात्र कथेबाहेरच राहिले.

फेब्रुवारी 1983 मधल्या ‘द बायसिकल मॅन’ या दोन भागांबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. सायकलच्या दुकानाचा मालक, सगळ्यांना आवडणारा हसतमुख माणूस, आर्नोल्ड आणि त्याचा मित्र डडली यांना आइस्क्रीम देतो, मागच्या खोलीत बोलावतो, हळूहळू नको त्या गोष्टी दाखवायला लागतो. गॉर्डन जंपनं हे काम केलंय. तो कुठेही भीतीदायक वाटत नाही, म्हणूनच अंगावर काटा येतो. आता बघताना प्रेक्षकांच्या हसण्याकडे लक्ष गेलं. सुरुवातीला सवयीनं हसू येतं, मग ते तुटक होतं, आणि काही ठिकाणी नेमकं नको तिथे येतं. आर्नोल्ड शेवटी बापाला सांगतो म्हणून डडली वाचतो.

आमच्या घरात असल्या विषयावर कधी अवाक्षर निघालेलं नव्हतं. मला वाटलं आई उठून टीव्ही बंद करेल. तिनं केला नाही. दोन्ही भाग पूर्ण बघितले. सोमवारी शाळेत निघताना तिनं भावाच्या जॅकेटची चेन लावली आणि म्हणाली, ‘कुणी काही खायला देऊन “घरी सांगू नको” म्हणालं, तर आधी मला येऊन सांगायचं. मी रागावणार नाही.’ मग माझ्याकडे बघून, ‘तूसुद्धा.’ एवढंच. पण हे वाक्य आईच्या तोंडून निघालं ते त्या मालिकेमुळे, आणि त्यासाठी मी तिची कायमची ऋणी आहे. पुढे माझ्या मुलांना मी ते जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं.

टॉड ब्रिजेसनं 2010 मध्ये ‘किलिंग विलिस’ हे आत्मकथन लिहिलं. लहानपणी आपल्यावरही एका ओळखीच्या माणसानं अत्याचार केला होता, असं त्यानं त्यात सांगितलंय. ते कळल्यावर सगळे भाग वेगळेच दिसायला लागतात. दाराशी थबकणारा तो मुलगा निव्वळ अभिनय करत होता का, असा विचार माझ्या मनात येतो.

आर्नोल्डचं काम करणाऱ्या गॅरी कोलमनचं तर आता बघवतही नाही आणि नजरही हटत नाही. त्याला मूत्रपिंडाचा जन्मजात विकार होता. 1973 आणि 1984 अशी दोन प्रत्यारोपणं झाली. आजारानं आणि औषधांनी त्याची उंची खुंटली, 4 फूट 8 इंचांच्या पुढे तो गेलाच नाही. दहा वर्षांचा असताना तो आठ वर्षांच्या मुलाचं काम करत होता, आणि सोळा-सतराव्या वर्षीही त्याच्याकडून गोड छोटा आर्नोल्डच हवा होता. एवढा अचूक टायमिंग असलेला बालनट मी दुसरा पाहिलेला नाही. एक क्षण थांबून, मान किंचित तिरकी करून तो वाक्य टाकतो आणि मोठे नट बाजूला पडतात. पण त्याच्या आजारी शरीरावर अख्ख्या मालिकेचा डोलारा उभा होता, हे आता विसरता येत नाही. 1989 मध्ये त्यानं आईवडील आणि सल्लागाराविरुद्ध आपल्या कमाईसाठी खटला भरला. 1993 मध्ये कोर्टानं त्याला सुमारे 12 लाख 80 हजार डॉलर देवविले. 2010 मध्ये वयाच्या 42 व्या वर्षी तो गेला.

डेना प्लेटो, म्हणजे किम्बर्ली, 1999 मध्ये 34 व्या वर्षी गेली होती, औषधांच्या अतिसेवनानं. 1983 मध्ये याच मालिकेत तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन स्वतः येऊन मुलांना नशेपासून लांब राहा सांगून गेल्या होत्या. तो भाग मी मध्येच थांबवला, पूर्ण बघितला नाही.

शेवटच्या सीझनांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ड्रमंड दुसरं लग्न करतो, मॅगी येते, तिच्याबरोबर तिचा मुलगा सॅम येतो. सावत्र नात्यांची छान गोष्ट करता आली असती. पण आर्नोल्ड मोठा झाला म्हणून नवं गोंडस मूल हवं, एवढ्यासाठीच सॅमला आणलंय हे दिसतं. मॅगीचं काम करणारी नटीही वर्षभरात बदलली. विलिस तर या काळात असून नसल्यासारखाच आहे.

मागच्या महिन्यात भाऊ आला होता. त्याला विचारलं, विलिसचं एखादं वाक्य आठवतंय का? आर्नोल्डची पाच-सहा त्यानं तिथल्या तिथे म्हणून दाखवली, अगदी त्या सुरात. मग थांबला. म्हणाला, ‘नाही गं ताई, एकही नाही.’ मग आम्ही दोघांनी बसून पहिला भाग लावला. विलिस परत हार्लेमला जायचं म्हणतो तिथे त्यानं रिमोट घेतला आणि तेवढंच मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग मला विचारलं, ‘तुला तेव्हा परत जायचं होतं?’ इतक्या वर्षांत त्यानं हे पहिल्यांदा विचारलं. मी हो म्हटलं आणि मग रात्री उशिरापर्यंत आम्ही दादरबद्दल, आजीबद्दल, त्या पहिल्या हिवाळ्याबद्दल बोलत बसलो. त्याला यातलं निम्मं माहीतच नव्हतं.

तुम्ही बघणार असाल तर पहिला सीझन सलग बघा, ‘द बायसिकल मॅन’ मुलांबरोबर बसून बघा, आठवा सीझन सोडलात तरी चालेल. आणि आर्नोल्ड बोलण्याआधी जे बोलणं होतं, तिकडे कान द्या.