हॅवलॉकला गोबी शोधताना

अंदमानातल्या हॅवलॉकला (कागदोपत्री आता स्वराज द्वीप) मी जानेवारीत गेलो तो व्हिप कोरल गोबी बघायला. हा मासा वाढून वाढून साडेतीन सेंटिमीटरचा होतो. बायकोचं म्हणणं, या सहलीच्या दहाव्या हिश्शाच्या खर्चात आपल्या खाडीत पोतंभर निवट्या दिसल्या असत्या. निवटीही गोबींच्याच गोतावळ्यातली, त्यामुळे काय बोलणार?

पहिली डाइव्ह (टाकी लावून मारलेली बुडी) फुकट गेली. मी मासा शोधत होतो. दुसऱ्या दिवशी डाइव्हमास्टर म्हणाला, "दादा, मछली छोडो, डंडी ढूँढो." ही डंडी म्हणजे व्हिप कोरल: फांद्या नसलेली, बोटाहून बारीक, खडकातून वाकडीतिकडी बाहेर आलेली लांबच लांब काडी. ती सतरा मीटरवर सापडली. मग टॉर्च टोकापासून हळूहळू खाली आणायचा. वीतभर खाली काडीची साल सोलल्यासारखा पट्टा दिसला तर समजायचं, घर नांदतं आहे. नर-मादी तिथलं जिवंत आवरण काढून अंडी घालतात. एका काडीवर बहुधा अशी एकच जोडी असते.

अंग काचेसारखं, आतला मणकासुद्धा दिसतो. त्यावर पाच-सहा रुंद तपकिरी पट्टे, म्हणून काडीवर तो विरघळून जातो. फसवत नाहीत ते डोळे: डोक्याच्या मानाने मोठे, बुबुळाभोवती सोनेरी-गुलाबी कडं. टॉर्च नसेल तर तेही करडंच दिसतं. पोटाखालचे पर जुळून वाटी झालेली असते, त्यामुळे काडी प्रवाहात कितीही हलली तरी गडी चिकटून.

ओळखताना आधी यजमान बघा. स्पंजवर किंवा मऊ प्रवाळावर असाच पारदर्शक मासा दिसला तर तो बहुतेक घोस्ट गोबी. फांद्यांच्या प्रवाळावर अधांतरी तरंगणारा, जांभळ्या डोळ्यांचा असेल तर तो याचा भाऊबंद, पण हा नव्हे.

फोटो काढायला गेलात की तो काडीच्या पलीकडे सरकतो. माझे पहिले चाळीस फोटो नुसत्या काडीचे आहेत. उपाय साधा: जोडीदाराने पलीकडून हात लांबच धरावा, मासा आपल्या बाजूला येतो. ऑटोफोकस काडीवरच जातो. तेव्हा फोकस एकदा लॉक करा आणि स्वतः इंच-इंच पुढेमागे व्हा. काडीला हात लावू नका. ही काळ्या प्रवाळांपैकी आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काळं प्रवाळ येतं.

ओपन वॉटरचं कार्ड (डायव्हिंगचं पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र) असेल तर 18 मीटरपर्यंत जाता येतं, तेवढं मला पुरलं. हौशी लोकांच्या पहिल्या डाइव्हमध्ये मात्र याची आशा धरू नका. तरंगणं अंगवळणी पडलेलं नसेल तर पायातल्या फिनचा एक फटका आणि सगळी वाळू वर. भरती-ओहोटीच्या मधली शांत वेळ मागून घ्या. आणि शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी किमान 18 तास मोकळे ठेवा, शिवाय बेटावरून परतायची फेरीबोट रद्द झाली तर म्हणून एक दिवस हाताशी. मी तो ठेवला नव्हता; परतीचं तिकीट दुप्पट भावाने काढावं लागलं.