जॅक अर्धा बाहेर आला आणि पियानो भरून आला

मी घरगुती स्टुडिओंचं वायरिंग करतो. गणपतीच्या आधीचे दोन महिने फोन थांबत नाही, सगळ्यांना आरत्या रेकॉर्ड करायच्या असतात. डोंबिवलीच्या काकांचा फोन त्यातच आला. ऑर्केस्ट्रात उभं आयुष्य कीबोर्ड वाजवलेला माणूस, वय ६८. म्हणाले, मिक्सर बिघडलाय की माझे कान गेलेत ते एकदा सांगून जा.

दहा बाय दहाची खोली, त्यात ८३ सालात आलेला डीएक्स-७ आणि ८८ सालचा एम-१, दोन्ही कीबोर्ड जपून ठेवलेले. तिसरा स्टँड रिकामा, तिथे डी-५० हा तिसरा कीबोर्ड होता, सहा महिन्यांपूर्वी विकला. बाजूच्या रॅकमध्ये १यू चा लाइन मिक्सर, म्हणजे पावणेदोन इंच उंचीच्या पट्टीत आठ स्टिरिओ चॅनेल. कीबोर्डवाल्यांसाठी मला हेच यंत्र आवडतं. माइकचा आवाज वाढवणारा प्रीअँप नाही, सरकवायचे फेडर नाहीत, नुसती लाइन, म्हणजे कीबोर्डमधून येणारा तयार सिग्नल घ्या, एकत्र करा, बाहेर द्या. मोठा मिक्सर घेऊन अर्धं टेबल अडवायची गरजच नसते, पण दुकानदार तोच गळ्यात मारतात.

काकांनी आधी डीएक्स-७ वाजवला, खणखणीत. मग एम-१ वर पियानो लावला आणि मला कसंसंच झालं, आवाज असा की लांबच्या देवळात कुणीतरी वाजवतंय आणि आपण नदीच्या अलीकडे उभे आहोत. बेस जवळजवळ नाहीच, मागे कोरस आणि रिव्हर्ब, म्हणजे आवाज पसरवणारे-घुमवणारे इफेक्ट, तेवढे तरंगतायत. काका म्हणाले, दोन वर्षं असंच ऐकू येतंय, डी-५० चं पण असंच झालं होतं, हेडफोन लावला तरी तेच. काकी आतून म्हणाल्या, कानाच्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आलेत, मशीन लावायचं चाललंय.

मी मिक्सरच्या मागे लागलो. आधी पॉट, म्हणजे फिरवायचे नॉब साफ केले, मग सिग्नलची पातळी निवडायचा +४ आणि -१० चा स्विच बघितला. डीएक्स-७ ची वायर एम-१ च्या चॅनेलला लावली तर तिथेही खणखणीत, म्हणजे चॅनेल चांगला. दीड तास गेला. मग काकांना म्हटलं, काका, एक कॉर्ड, तीन-चार सूर एकत्र, दाबून धरा, आणि एम-१ ची वायर मिक्सरच्या मागून काढायला लागलो. जॅक एक टिक बाहेर आला आणि पियानो भरून आला, बेससकट, अख्ख्या खोलीत. काकांनी हात उचललाच नाही, आवाज विरला तरी कॉर्ड तशीच धरून बसले.

मग वायर कुठून येते ते बघितलं. एम-१ च्या हेडफोन आउटमधून! दोन वर्षांपूर्वी कुणीतरी वायरिंग करून गेला होता, लेफ्ट-राइटच्या दोन वायरींऐवजी प्रत्येक स्टिरिओ कीबोर्डला एकच स्टिरिओ जॅकची वायर टाकून. आता हेडफोन आउटमध्ये जॅकच्या टोकावर, म्हणजे टिपवर लेफ्ट असतो, त्यामागच्या कड्यावर, म्हणजे रिंगवर राइट. मिक्सरचा इनपुट बॅलन्स्ड, तो टिपमधून रिंग वजा करतो, वायरीत शिरणारी विजेची घूं, म्हणजे हम मारण्यासाठीच तो तसा बनवलेला असतो. त्यामुळे दोन्हीकडे सारखं जे असेल ते कटलं, म्हणजे पियानोचा गाभा आणि बेस, आणि उरला फक्त फरक, म्हणजे कोरस-रिव्हर्ब. जॅक एक टिक बाहेर आला की इनपुटच्या टिपला राइट मिळतो आणि रिंग ग्राउंडला जाते, वजाबाकीच संपते. डीएक्स-७ ला एकच मोनो आउटपुट, तो साध्या वायरने जोडलेला, म्हणून वाचला. काकांचा हेडफोन कायम मिक्सरलाच, त्यामुळे तिथेही तीच वजाबाकी. दीडशे रुपयांची वायर वाचवायला असं करणाऱ्याने या धंद्यात राहू नये, हे मी स्पष्ट म्हणतो.

लेफ्ट आणि राइटच्या दोन साध्या मोनो वायरी टाकल्या. एम-१ चा व्हॉल्यूम पूर्ण वर, चॅनेल मधोमध, रिकामे चॅनेल म्यूट. बरेच जण उलट करतात, कीबोर्ड अर्ध्यावर आणि मिक्सर ताणलेला, मग सूंऽऽ वाढली की मिक्सरला शिव्या. काकांनी यमन छेडला, बराच वेळ वाजवला, काकी दारात येऊन उभ्या राहिल्या.

निघताना काकांनी विचारलं, म्हणजे रे, डी-५० पण चांगलाच होता?

मी म्हटलं, समोर असता तर सांगितलं असतं काका. खरं तर मला तेव्हाच माहीत होतं, तसलीच आणखी एक वायर त्या रिकाम्या स्टँडखाली पडलेली मी बघितली होती आणि गुंडाळून बॅगेत टाकली होती. ती अजून बॅगेतच आहे. काकांच्या आरत्या रेकॉर्ड झाल्या, मला पाठवल्यात, रोज एकदा तरी ऐकतो. फोन करून खरं सांगावं की नाही ते ठरत नाहीये.