कूलरची बॉडी एकाच प्लास्टिकची का हवी

नागपुरात उन्हाळा म्हटला की कूलर आलाच, पण तो मोडल्यावर त्याचं काय होतं हे कोणी विचारत नाही. मी प्लास्टिकच्या वस्तू डिझाईन करतो, काम हिंगणा एमआयडीसीत, त्यामुळे कबाड्याच्या दुकानासमोर पडलेल्या बॉड्यांकडे माझं लक्ष जातंच. बॉडी पीपीची म्हणजे पॉलिप्रोपिलीनची, पुढची जाळी एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकची, वर पीव्हीसीचा स्टिकर आणि स्क्रूसाठी आत पितळी इन्सर्ट, म्हणजे प्लास्टिकमध्ये बसवलेली आट्यांची छोटी नळी. हातोडीने फोडलं की सगळं एकत्र होतं, आणि पीपी-एबीएस सोबत वितळवले तरी एकजीव होत नाहीत, त्यापासून केलेल्या प्लास्टिकच्या दाण्याचा माल ठिसूळ निघतो, मग भाव कोण देणार?

जाळी एबीएसची कशाला, तर लोकांना चकचकीत पाहिजे आणि पीपीवर रंग नीट धरत नाही. मग रंग मारूच नका ना! दाण्यातच रंग टाका, साच्यालाच टेक्श्चर द्या, नावही साच्यातच कोरा, म्हणजे स्टिकरही गेला.

यात टाल्कचा, म्हणजे प्लास्टिकमध्ये मिसळायच्या खनिज भुकटीचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. पाण्याची घनता 1, साध्या पीपीची 0.9 च्या आसपास, एबीएसची 1.04 च्या आसपास, म्हणून चुरा करून पाण्याच्या हौदात टाकला की पीपी तरंगतं, एबीएस बुडतं, महागडी मशीन लागत नाही. पण बॉडी कडक व्हावी म्हणून पीपीत 20 टक्के टाल्क घातलं की त्याचीही घनता 1.04 च्या आसपास जाते आणि ते एबीएससोबतच तळाशी बसतं. रिसायकलिंगचा शिक्का पीपीचा, 5 नंबरचाच, पण वेगळं काढता येत नाही! म्हणून मी म्हणतो कडकपणा टाल्कने नको, आतून रिब्स म्हणजे उभ्या पट्ट्या देऊन आणा, साचा थोडा महाग पडेल, पडू द्या. उन्हापासून प्लास्टिक वाचवणारं यूव्ही स्टॅबिलायझर मात्र टाकाच, इथल्या उन्हात साधं पीपी तडकतं आणि लवकर फुटणारी वस्तू मला तरी चांगली डिझाईन वाटत नाही.

आणि पितळी इन्सर्ट नकोत म्हणून सगळंच क्लिपवर बसवा असंही नाही. पीपी सतत ताणात राहिलं की सैल पडतं, 45 डिग्रीत तर अजून लवकर, त्यात मोटरचे हादरे. मोटरजवळ लोखंडी सेल्फ टॅपिंग स्क्रू, म्हणजे स्वतःच आटे पाडणारा स्क्रू, थेट पीपीत बसवा, चुऱ्यातून चुंबकाने निघून जातो, पितळ निघत नाही. जाळी आणि पॅडच्या फ्रेमला क्लिप पुरतात, फक्त त्या हाताने उघडायला हव्यात.