उत्क्रांती होताना कोणी पाहिली आहे का?

तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहिते. माध्यमिक वर्गांना जीवशास्त्र शिकवत असल्यामुळे हा प्रश्न मला विद्यार्थी विचारतात, त्यांचे पालक विचारतात आणि अधूनमधून इतर विषय शिकवणारे सहकारीही विचारतात: उत्क्रांती होताना कोणी प्रत्यक्ष पाहिली आहे का, आणि पाहिली नसेल तर ती एवढ्या ठामपणे का शिकवायची? शंका रास्त आहे. मात्र तिच्यात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. नैसर्गिक निवड, म्हणजे परिस्थितीला साजेसे गुण असलेले जीव अधिक तगून ते गुण पुढच्या पिढीत वाढणे, खरोखर घडते का, हा एक, आणि आज वेगवेगळे दिसणारे सजीव एकाच पूर्वजापासून आले आहेत का, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, पाहिली आहे’ असे सरळ देता येते. निवडीची गती इतकी संथ असते की ती होताना आपल्याला दिसणार नाही, असे खुद्द डार्विनला वाटत होते. पण पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून प्रशांत महासागरातील गॅलापागोस द्वीपसमूहातल्या डॅफ्नी मेजर या छोट्याशा बेटावर फिंच हे चिमणीसारखे छोटे पक्षी पकडून, त्यांच्या पायांत खुणेची कडी घालून आणि चोचींची मापे घेऊन पिढ्यानपिढ्यांची नोंद ठेवली. १९७७ साली बेटावर पाऊस जवळजवळ पडलाच नाही. बारीक, मऊ बिया पक्ष्यांनी खाऊन संपवल्या आणि मागे उरल्या त्या मुख्यतः गोखरूच्या जातकुळीतील काटेरी, टणक कवचाच्या बिया, ज्या फोडायला जाड चोच लागते. मध्यम आकाराच्या भूमी-फिंचांपैकी बहुसंख्य मेले. जे तगले त्यांची चोच सरासरीने अधिक जाड होती आणि चोचीची जाडी आनुवंशिक असल्यामुळे पुढच्या पिढीच्या चोचीही पूर्वीपेक्षा जाड निघाल्या. कोणत्याही एका पक्ष्याची चोच दुष्काळात वाढली नाही, बदलली ती समूहाची सरासरी. ‘ताणून ताणून जिराफाची मान लांबली’ असे उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्या मुलांना मी हा मुद्दा पुन्हा पुन्हा दाखवते.

या गोष्टीचा उत्तरार्ध वर्गात बहुधा सांगितला जात नाही, आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा आहे. १९८३ साली एल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापल्यामुळे, बेटावर प्रचंड पाऊस झाला, बारीक बियांचे पीक माजले आणि त्यानंतरच्या वर्षांत निवडीचा कल उलटून लहान चोचीच्या पक्ष्यांकडे झुकला. निवडीला प्रगतीची किंवा कोणत्याही ध्येयाची दिशा नसते, हे यापेक्षा स्वच्छ कसे दाखवावे ते मला सुचत नाही.

चौकस विद्यार्थी येथे अडवतोच: ‘पण बाई, शेवटी ते फिंचच राहिले ना?’ बरोबर आहे, आणि म्हणूनच दुसऱ्या प्रश्नाला वेगळ्या प्रकारचा पुरावा लागतो. पाठ्यपुस्तकातील अवशेषांगे, जोडणारे दुवे, भ्रूणांतील साम्य हे सारे खरेच आहे, परंतु पाठ करण्याच्या यादीत त्याचा जोर हरवतो. मला सर्वांत पटणारा पुरावा जनुकांमधील मोडतोडीचा वाटतो. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. आपल्याला ते अन्नातून मिळवावे लागते, कारण ते बनवण्याच्या शेवटच्या टप्प्यातील विकराचे (एन्झाइमचे) जनुक आपल्याकडे निकामी अवस्थेत पडून आहे. चिंपांझीतही ते निकामीच आहे, आणि त्याचे जे तुकडे आपल्यात गहाळ आहेत तेच बहुतांशी त्याच्यातही गहाळ आहेत. गिनीपिगमध्येही हे जनुक मोडलेले आहे, पण तेथील मोडतोडीचा नमुना निराळा आहे. उपयोगी अवयवांतील साम्य ‘गरज सारखी, म्हणून रचना सारखी’ असे म्हणून उडवून लावता येईल. निरुपयोगी जनुकाच्या सारख्या मोडतोडीला ते स्पष्टीकरण लागू पडत नाही.

गुणसूत्रांचा पुरावा तर पणाला लावलेल्या भाकितासारखा आहे. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशींत ४८ गुणसूत्रे असतात, आपल्या पेशींत ४६. पूर्वज समाईक असतील तर आपल्याकडील एक जोडी नाहीशी होऊन चालणार नाही, कारण तिच्यावरील जनुकांशिवाय जगणे शक्य नाही. म्हणजे दोन गुणसूत्रे एकमेकांना जोडली गेलेली असली पाहिजेत आणि त्या सांध्याची खूण उरलेली असली पाहिजे. गुणसूत्रांच्या केवळ टोकांना सहसा आढळणारा, पुनरावृत्ती होणारा डीएनए-क्रम आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या आत, समोरासमोर टोके भिडावीत तशा मांडणीत, १९९१ मध्ये सापडला; त्याच गुणसूत्रावर एका जादा, निष्क्रिय गुणसूत्रबिंदूचे (प्रत्येक गुणसूत्रावर एरवी एकच असणाऱ्या आवळलेल्या भागाचे) अवशेषही आहेत. ही खूण कोठेच मिळाली नसती, तर समाईक पूर्वजाची कल्पना गंभीर अडचणीत आली असती.

‘मग माकडे अजून कशी शिल्लक आहेत?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो, तेव्हा त्याचेही उत्तर देऊन ठेवते. चिंपांझी हा आपला पूर्वज नव्हे. तो आणि आपण ज्या पूर्वजापासून फुटलो तो आज अस्तित्वात नाही, आणि त्या फाट्यानंतर चिंपांझीची शाखाही आपल्या शाखेइतकाच काळ बदलत आली आहे.