दहा तारखेचे तीन चेक

सांगलीत आमचा छोटा ऑफसेटचा छापखाना आहे. छपाईचं हे बघतात, हिशेब मी बघते. दिवाळीच्या आधी दुकानदारांच्या, पतसंस्थांच्या दिनदर्शिकांचं काम येतं. त्यासाठी आर्ट पेपर ऑगस्टमध्येच उचलावा लागतो आणि पैसे मात्र दिवाळीनंतर हातात येतात. मधल्या काळाची सोय म्हणजे पुढच्या तारखेचे चेक. कोल्हापूरच्या कागदवाल्या शेठना आम्ही पंधरा वर्षं असेच देतोय. २०२५ च्या ऑगस्टमध्येही तीन दिले, प्रत्येकी ३८,००० रुपयांचे. तारखा १० ऑक्टोबर, १० नोव्हेंबर, १० डिसेंबर.

इतक्या वर्षांत एकही चेक परत गेला नव्हता, आणि त्याचं कारण मला तेव्हा कळलेलं नव्हतं. शेठनी दहाला चेक भरला की आमच्या खात्यातून रक्कम जायला अकरा-बारा तारीख उजाडायची. तो एक-दीड दिवस आम्ही वापरत होतो. दहाला सकाळी खात्यात थोडे कमी असले तरी दुपारी कुणाचा तरी चेक भरायचा, रात्री कुणाकडून तरी यायचे, आणि भागायचं.

४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक वटवण्याची पद्धत बदलली. रिझर्व्ह बँकेच्या नव्या व्यवस्थेत बँका सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत चेक सतत पुढे पाठवत राहतात, आणि ज्याच्या खात्यातून पैसे जायचे त्या बँकेने त्याच संध्याकाळी सातपर्यंत होय-नाही कळवायचं. बातमी मी वाचली होती. आपले पैसे लवकर मिळणार म्हणून बरंच वाटलं होतं. आपलेही तितक्याच लवकर जाणार, हे डोक्यात आलं नाही.

१० ऑक्टोबरला शुक्रवार होता. सकाळी खात्यात ३६,४०० होते. एका गिऱ्हाइकाचा २२,००० चा चेक मिळाला होता, तो भरायला मुलगा बँकेत पोहोचला तेव्हा साडेचार वाजले होते. मी निवांत होते, शेठचा चेक उद्या-परवा लागेल म्हणून. तोवर मोबाइलवर मेसेज येऊन पडला होता: पुरेशी शिल्लक नसल्यामुळे चेक परत. कमी पडले होते १,६०० रुपये. घरात कपाटात त्याहून जास्त रोख होती.

लगेच खात्यातून चेक परतीचा आकार गेला, ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. शिल्लक राहिली ३५,८१०. आता पुढचं नीट वाचा, कारण माझ्या मते खरा फटका इथेच बसतो. मशीनच्या कर्जाचा ३६,२०० चा हप्ता १२ तारखेला खात्यातून परस्पर कापला जातो. बारा तारखेला रविवार होता, पण या कापणीला रविवार नसतो. ऑगस्ट २०२१ पासून ती सुट्टीच्या दिवशीही चालते. चेक भरायला मात्र सुट्टी आडवी येते. अकराला दुसरा शनिवार, बाराला रविवार, म्हणून आमचा २२,००० चा चेक सोमवारपर्यंत पुढे सरकलाच नाही. हप्त्याला ३९० रुपये कमी पडले. बँकेने ते ५९० कापले नसते तर हप्ता गेला असता. एका दंडाने दुसरा दंड ओढून आणला. हप्ता परत गेल्याचे बँकेने आणखी ५९० घेतले आणि कर्ज देणाऱ्या कंपनीने वेगळे ५३१ लावले.

शेठना मी शुक्रवारीच फोन केला होता. ते म्हणाले, "वहिनी, पैशाचं नंतर बघू. पण तुमचा चेक परत आला, हे मला बँकेतल्या माणसाकडून कळलं. आधी एक फोन केला असता तर मी सोमवारी भरला असता." मला बोलायला शब्द सुचेना. त्यांच्या बँकेनेही त्यांचे १७७ रुपये कापले होते.

शेजारच्या वकीलताईंनी कायदा समजावला तेव्हा पोटात गोळा आला. परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८. परतीचा मेमो हातात आल्यापासून ३० दिवसांत समोरचा नोटीस पाठवू शकतो. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेठ असलं काही करणारे नव्हते, पण सगळेच शेठ तसे नसतात.

सोमवारी दिनदर्शिकेच्या दोन गिऱ्हाइकांकडून २०,००० ॲडव्हान्स मागून घेतला. आमचा चेकही संध्याकाळी वटला. रात्रीच शेठना एनईएफटीने ३८,१७७ पाठवले, हप्ता आणि त्याचा दंडही भरला. पण वकीलताईंनी बजावलं होतं, की पैसे दुसऱ्या मार्गाने दिले तर परत आलेला मूळ चेक हातात घ्यायचाच. तो समोरच्याच्या टेबलावर राहिला आणि चुकून पुन्हा भरला गेला तर पैसेही दोनदा जातील, किंवा पुन्हा परत जाऊन पुन्हा ५९०. म्हणून मंगळवारी मी स्वतः एसटीने कोल्हापूरला गेले.

उरलेल्या दोन चेकच्या तारखाही बदलायच्या होत्या. नियमाने चेकवर तारखेखेरीज कसलीच खाडाखोड चालत नाही, आणि तारखेचीही करावी असं मला वाटेना, म्हणून २० नोव्हेंबर आणि २० डिसेंबरचे नवे चेक लिहून नेले. डिसेंबरचा जुना चेक शेठनी माझ्यासमोर फाडला. नोव्हेंबरचा सापडेना. मुनीमजींनी दोन फायली, एक ड्रॉवर, देवाच्या फोटोमागचं पाकीट, सगळं उपसलं. "कुठं जातोय, सापडेल," म्हणाले.

मी तशी सोडून येणार नव्हते. शेठकडून लेटरहेडवर लिहून घेतलं, की अमुक नंबरच्या चेकच्या बदल्यात नवा चेक मिळाला, जुना गहाळ आहे, सापडल्यास भरणार नाही. मगच बँकेत जाऊन त्या चेकचं पेमेंट थांबवलं. त्याचे ११८ रुपये. हे पत्र फार महत्त्वाचं, कारण देणं बाकी असताना नुसतं पेमेंट थांबवलं तरी कलम १३८ लागू शकतं. थांबवलं म्हणजे सुटलो, अशी बऱ्याच जणांची समजूत असते.

महिनाअखेरीला खातेउतारा काढला तर १० तारखेच्या त्याच चेकच्या परतीचे ५९० पुन्हा १३ तारखेलाही कापलेले. शाखेत विचारलं तर उत्तर मिळालं, "सिस्टीमने घेतलंय मॅडम." बँकेच्या वेबसाइटवर आकारांचं दरपत्रक असतं. ते छापून घेतलं, उताऱ्यावर दोन्ही नोंदींना पेन्सिलीने गोल केला आणि लेखी अर्ज दिला. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. अर्जाखाली एक ओळ लिहिली होती: ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करेन. ती तक्रार ऑनलाइन आणि फुकट करता येते, फक्त आधी बँकेला लेखी कळवलेलं असावं लागतं. अकराव्या दिवशी ५९० परत जमा झाले.

ते सोडून बाकीची बेरीज २,००६ रुपये. मुळात कमी होते १,६००.

आता चेकसाठी वेगळी वही आहे. कुणाला, कितीचा, कुठल्या तारखेचा, आणि चौथा रकाना सगळ्यात मोठा: हे पैसे कुणाकडून यायचेत. तो रकाना भरता आला नाही तर चेक लिहित नाही. शेठशी तसं बोलून घेतलंय. २०२६ च्या दिनदर्शिकेचं पहिलं प्रूफ भिंतीवर लावलंय, त्यात दुसरा-चौथा शनिवार आणि हप्त्याची बारा तारीख लाल पेन्सिलीने रंगवली आहे.

नोव्हेंबरचा तो चेक फेब्रुवारीच्या शेवटी सापडला, जुन्या कॅटलॉगमध्ये अडकलेला. चेक तीन महिनेच चालतो, त्यामुळे १० फेब्रुवारीनंतर तो तसाही बाद झाला होता. मुनीमजींनी आठवणीने कुरिअर केला. मी तो त्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलाय.