बेरीज करायची, पण कुठली?

"सर, बीमवर दोन लोड एकदम बसलेत. मग एकेकाचं डिफ्लेक्शन, म्हणजे बाक, वेगळं काढून नुसती बेरीज कशी चालते?" कॉलेजातून नवा आलेला प्रत्येक जण पहिल्या महिन्यात हे विचारतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चालते, कारण लवचीकतेच्या मर्यादेत पोलाद दुप्पट लोडला दुप्पटच बाकतं. शिवाय स्पॅनच्या (दोन टेकूंमधल्या अंतराच्या) मानाने तो बाक इतका थोडा असतो की पहिल्या लोडने बीम वाकलाय याची दुसऱ्याला खबरही नसते. ६ मीटर स्पॅनचा, दोन्ही टोकांना नुसता टेकलेला आयएसएमबी ३००, म्हणजे ३०० मिमी उंचीचा आय आकाराचा पोलादी बीम घ्या. स्वतःचं वजन धरून मीटरला १० किलोन्यूटन यूडीएल (लांबीभर सारखा पसरलेला भार): पाच डब्ल्यू एलचा चतुर्थ घात भागिले ३८४ ईआय (डब्ल्यू मीटरमागचा भार, एल लांबी, ई मटेरियलचा ताठपणा, आय छेदाच्या आकारामुळे येणारा ताठपणा), म्हणजे साधारण ९.८ मिमी. मधोमध एकाच जागी २० किलोन्यूटन, हा पी: पी एल घन भागिले ४८ ईआय, ५.२ मिमी. झाले १५. दोन्हींचा कमाल बाक मध्यावरच येतो, त्यामुळे इथे कुणी चुकत नाही.

मी चुकलो ते गॅलरीच्या कॅन्टिलिव्हरवर, म्हणजे एकच टोक पक्कं धरलेल्या बीमवर. बीमच्या बरोबर मध्यावर झोपाळ्याची कडी होती. कडीखालचं डिफ्लेक्शन काढलं, पी एल घन भागिले २४ ईआय, आणि ते टोकाच्या यूडीएलवाल्या डिफ्लेक्शनमध्ये मिळवून मोकळा झालो. आमचे वरिष्ठ काही बोलले नाहीत. प्लॅस्टिकची फूटपट्टी टेबलाच्या कडेबाहेर काढून एका हाताने दाबून धरली आणि बाहेरच्या भागाच्या मध्यावर पेन्सिल टेकवली. पेन्सिलीपुढची पट्टी सरळच राहिली, पण तिरकी होऊन कितीतरी खाली गेली. कडीपाशी पी एल वर्ग भागिले ८ ईआय इतका उतार तयार होतो. त्याला पुढच्या अर्ध्या लांबीने गुणून मिळवायचं असतं. पी एल घन भागिले ईआयचे मी एक-चोविसांश म्हणजे दोन-अठ्ठेचाळीसांश धरले होते, टोकाला निघतात पाच-अठ्ठेचाळीसांश. अडीचपट! बेरीज एकाच जागेच्या डिफ्लेक्शनची करायची, हे मला पुन्हा सांगायची कुणावर वेळ आली नाही.

हीच युक्ती उलटीही चालते, आणि मला ती जास्त आवडते. कॅन्टिलिव्हरच्या टोकाला टेकू आहे, त्यावर किती भार येतो? टेकू मनातल्या मनात काढा: यूडीएलने टोक डब्ल्यू एलचा चतुर्थ घात भागिले ८ ईआय खाली जातं. टेकूची प्रतिक्रिया आर ते आर एल घन भागिले ३ ईआय वर ढकलते. टोक हलत नाही, म्हणून दोन्ही सारखे. ईआय उडून जातं, आर येतो तीन-अष्टमांश डब्ल्यू एल.

राहिली ती गॅलरी. ती आरसीसीची (सळ्या घातलेल्या काँक्रीटची) होती, म्हणजे माझं उत्तर दुसऱ्या कारणानेही कच्चंच होतं. काँक्रीटला तडे गेले की आय घटतो, आणि दुप्पट लोडला दुपटीहून जास्त बाक येतो. तिथे आधी पूर्ण लोडच्या मोमेंटवरून (वाकवणाऱ्या जोरावरून) इफेक्टिव्ह आय, म्हणजे तडे धरून उरलेला आय काढायचा, काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या, आयएस ४५६ च्या, सी परिशिष्टात दिलाय तसा. क्रीप (कायमच्या लोडखाली हळूहळू वाढणारा बाक) आणि श्रिंकेज (काँक्रीटचं आकसणं) यांचं डिफ्लेक्शन त्यानंतर मिळवायचं.